आतलं टोपण

"सिस्टर, एकही डोस चुकवलेला नाही," म्हणत आजोबांनी वही पुढे केली. तारीख, वेळ, युनिट, सगळं सुवाच्य अक्षरात. साखर मात्र उपाशीपोटी ३१०. दोन महिन्यांत डोस दोनदा वाढवून झाला होता. केसपेपरवर कुणीतरी 'पथ्य पाळत नाहीत' असं लिहून ठेवलेलं. हा शेरा आमच्याकडे फार स्वस्त आहे.

इन्सुलिनचं पेन वापरायला त्यांना मीच शिकवलं होतं, डिस्चार्जच्या गडबडीत. मी करून दाखवलं, "समजलं ना?" विचारलं, ते "हो" म्हणाले. वॉर्ड भरलेला असला की 'हो' ऐकायला बरं वाटतं.

या वेळी म्हटलं, "घरी घेता तसं करून दाखवा. मी मधे बोलणार नाही."

त्यांनी सुई फिरवून बसवली. बाहेरचं मोठं टोपण काढलं. पोटाची चिमूट धरली, पेन टेकवलं, बटण दाबलं, दहापर्यंत आकडे मोजले. पेन उचललं तर सुईवरचं आतलं बारीक टोपण जागच्या जागी! इन्सुलिन पोटावरून ओघळत बनियनमध्ये मुरत होतं.

"थोडं सांडतंच रोज," ते म्हणाले.

वॉर्डातल्या सुया सेफ्टीवाल्या, टोचून झालं की आपोआप झाकल्या जाणाऱ्या. त्यांना आतलं टोपण नसतंच. घरी आणलेल्या साध्या सुयांना दोन टोपणं. मी शिकवलं एका सुईवर, हातात पडली दुसरी.

टोपण काढायला सांगून मोकळं व्हावं असं वाटलं, पण जीभ आवरली. दोनदा वाढवलेला तो डोस आता खरोखर पोटात गेला असता, तर साखर धाडकन खाली आली असती. आधी डॉक्टरांना गाठलं, डोस कमी करून घेतला. घाम, थरथर, साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहवून घेतलं.

मग म्हटलं, "आता मी पेशंट. तुम्ही मला शिकवा."

पहिल्या खेपेला, सुईतून इन्सुलिन येतंय ना हे बघायला आधी दोन युनिट हवेत सोडायचे, ते विसरले. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. कोपऱ्यात बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. पिशवी उचलताना म्हणाल्या, "तरीच! यांच्या बनियनला रोज दवाखान्याचा वास यायचा."