वरच्या डोसला सगळं आलबेल

आकडे बघून आमची ज्युनिअर खूश होती. फेसवॉशमध्ये घालायचा सल्फेट जातीचा सरफॅक्टंट, म्हणजे मळ काढणारं, फेस आणणारं रसायन, आणि सगळ्यात जास्त डोसला पेशींचं नुकसान जवळपास शून्य! ग्राहकाला अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता, त्यामुळे तिचा अर्धा मसुदा लिहूनही झालेला. मला मात्र आलेख बघूनच खटकलं. कमी डोसला काही नाही, मधल्या डोसला निम्म्याच्या आसपास पेशी फुटलेल्या आणि त्याहून जास्त डोसला पुन्हा सगळं आलबेल. विष वाढवल्यावर पेशी बऱ्या होतात, असं मी तरी पाहिलेलं नाही.

चाचणी नेहमीचीच, एलडीएचची, म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची. हे एन्झाइम पेशीच्या आत असतं. आकाराने एवढं मोठं की पेशीचं पटल, म्हणजे बाहेरचं आवरण, शाबूत असेल तर बाहेर पडत नाही. पटल फाटलं की ते माध्यमात उतरतं. त्यात लॅक्टेट, एनएडी आणि टेट्राझोलियमचं मिश्रण घातलं की फॉर्मझान हा लाल रंग तयार होतो आणि तो ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. नुसत्या माध्यमातल्या पेशी म्हणजे शून्य टक्के, ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने फोडलेल्या पेशी म्हणजे शंभर. म्हणजे आपण मोजतो ते एन्झाइमचं काम; फाटलेलं पटल रंग मोजणाऱ्या रीडरला दिसत नाही. हे माहीत सगळ्यांना असतं, घाईत लक्षात कुणाच्या राहतं?

आकडे बाजूला ठेवून प्लेट मायक्रोस्कोपखाली घेतली. कंट्रोलच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या रसायन न घातलेल्या खळग्यात, त्वचेच्या हॅकॅट पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. मधल्या डोसला मेलेल्या पेशींना रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घातला, तर बऱ्याच पेशी निळ्याशार. वरच्या डोसच्या वेलमध्ये निळं व्हायलाही कुणी उरलं नव्हतं. तळ रिकामा, थोडा कचरा तरंगत होता. त्यातलं पाणी पिपेटने ओढलं तर टोकाला लांब तार आली. पेशी विरघळून आतला डीएनए बाहेर पडला की द्रव असा चिकट होतो. ज्युनिअर तारेकडे बघत म्हणाली, "मॅडम, मग एलडीएच गेलं कुठे?"

संशय सरफॅक्टंटवरच होता. प्रथिनं वेगळी करायला जेल चालवताना त्यांची घडी मोडायला आपण एसडीएस हा सल्फेट सरफॅक्टंट मुद्दाम घालतो, आणि हा नमुना त्याच्याच भाऊबंदांतला. एलडीएच चार तुकड्यांचं बनलेलं असतं; ते तुकडे सुटले, उलगडले की काम बंद. ट्रायटनवर मात्र विद्युतभार नसतो. तो पटल फोडतो, पण एन्झाइमला फारसा हात लावत नाही, म्हणून तर तो कंट्रोलला चालतो.

खात्री करायला फार काही लागलं नाही. ट्रायटनने फोडलेल्या पेशींचं द्रावण घेतलं. एका रांगेत नुसतं माध्यम मिसळलं, दुसरीत नमुन्याचे तेच डोस, आणि दोन्हींत रंगाचं मिश्रण घालून अर्धा तास अंधारात ठेवलं. पहिली रांग लालभडक झाली. दुसरीत डोस वाढेल तसा रंग फिका होत गेला आणि शेवटच्या वेलमध्ये तर आलाच नाही. एन्झाइम आम्हीच हाताने घातलं होतं, तरीही.

मग तांबड्या पेशींवरची चाचणी लावली. तिथे हिमोग्लोबिन थेट रंगावरून मोजता येतं. अर्थात तेही या रसायनापासून सुटत नाही: सेंट्रिफ्यूजनंतर वरचा द्रव लाल असायला हवा, तो तपकिरी झाला होता. पण इथे निदान बिघाड डोळ्यांना दिसतो. ऑक्सिहिमोग्लोबिनच्या आलेखातली ५४१ आणि ५७७ नॅनोमीटरची दोन शिखरं सपाट झाली की प्रथिन बिघडलं हे कळतं, आणि तोही अहवालात लिहायचाच निष्कर्ष असतो.

संध्याकाळी ग्राहकाचा फोन आला. एक दिवस उशीर होईल म्हटल्यावर साहेब नाराज. कारण ऐकून म्हणाले, "पण पहिल्या चाचणीत शून्य आलंय ना? तेच द्या की."

आकडा दिला. "एन्झाइम निष्क्रिय, मापन अग्राह्य" असा शेरा मारून, आणि शेजारी रिकाम्या वेलचा फोटो लावून.