दिल्ली ते अल्माटी, १६४० किलोमीटर

दिल्ली आणि कझाकस्तानातलं अल्माटी जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, ७७ अंश पूर्व. दिल्लीहून नाकासमोर उत्तरेला गेलं की अल्माटी. अंतर साधारण १६४० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोलकात्याइतकंच. आमचं विमान पाकिस्तानातून, लाहोरवरून जायचं आणि तीन तासांच्या आसपास पोचायचं.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कोणत्या वाटेनं जाणार, किती इंधन घेणार, हे आम्ही ठरवतो. कॅप्टनच्या सहीशेजारी आमचीही सही असते. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो. लंडन, दुबईची विमानं नव्या वाटांवर बसवता बसवता रात्र झाली. मग अल्माटीचा प्लॅन काढायला घेतला.

अहमदाबाद, अरबी समुद्र, मस्कत, तिथून इराण, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान. पाच हजार किलोमीटरच्या वर! आमचं छोटं विमान तासाला सव्वादोन-अडीच टन इंधन पितं. प्रवासाचं इंधन, त्यावर पाच टक्के, मग अल्माटीला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि शेवटचं अर्ध्या तासाचं, ज्याला हात लावायचा नसतो. टाकी काठोकाठ भरूनही गणित बसेना. प्रवासी कमी केले, पुन्हा काढला. वारा बरा मिळेल अशी दुसरी उंची घेतली, पुन्हा काढला. कमर्शियलचा, म्हणजे तिकीटविक्रीकडचा माणूस खुर्चीमागे उभा राहून "शेवटच्या अर्ध्या तासातलं थोडं धरा की" म्हणत होता. असं बोलणाऱ्या माणसाला त्या खोलीत येऊच देऊ नये.

पाकिस्तान टाळून सरळ उत्तरेला का नाही, असं सगळेच विचारतात. मध्ये हिमालय, काराकोरम, कुनलुन, तिएनशान आहेत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान लगेच दहा हजार फुटांवर आणावं लागतं, आणि तिथं खाली वीस-वीस हजार फुटांचे डोंगर. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटंच पुरतो.

अकरा वाजता लातूरहून चुलतबहिणीचा फोन आला. तिची मुलगी अल्माटीला एमबीबीएसला आहे, २८ तारखेचं आमच्याच कंपनीचं तिकीट होतं. "दादा, गूगलवर तर तीनच तास दाखवतंय. विमान जाईल ना?"

समोरच्या स्क्रीनवर तिसरा प्लॅनही लाल झालेला होता. पण कंपनीनं अजून काही जाहीर केलं नव्हतं, आणि आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम मी बावीस वर्षं पाळलाय. म्हटलं, "थांब जरा. बघू."

ती थांबली. दोन दिवसांनी उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज आला, तोवर दुसरी तिकिटं दुप्पट झाली होती. शेवटी पोरगी आखाती देशामार्गे आली, नऊ तास विमानतळावर एकटी बसून.

बहीण काहीच बोलली नाही. "पोचली, दादा," एवढंच कळवलं. त्या रात्री "दुसरं तिकीट बघून ठेव" एवढं म्हटलं असतं तर नियम मोडला असता का? अजून ठरवता येत नाही.

बंदी फक्त भारतीय विमानांना होती. ड्यूटीवर स्क्रीनवर दिसतं, एखादं परदेशी विमान लाहोरवरून उत्तरेला निघालेलं असतं, त्याच जुन्या वाटेनं. तीन तासांत पोचतं.