पत्रिकेवरचा रझा

निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, निम्म्या वाटूनही झाल्या होत्या. आणि पत्रिकेवर जे चित्र होतं, नेमकं तेच मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अडवलं. आयोजकांनी मनात काय शिव्या घातल्या ते त्यांनाच ठाऊक. तोंडावर मात्र एवढंच, "मॅडम, बघा ना काही जमतं का."

माझं काम कागदाचं. जुनी जलरंगचित्रं, रेखाटनं दुरुस्त करायची आणि प्रदर्शन असलं की घराघरांतून आलेल्या प्रत्येक चित्राचा कंडिशन रिपोर्ट लिहायचा. कुठे फाटलंय, कुठे डाग आहे, रंग उडालाय का, सगळं आधीच नोंदवलेलं बरं. नाहीतर परत देताना "हे तुमच्याकडेच झालं" ऐकावं लागतं. हे प्रदर्शन विदर्भातल्या सुरुवातीच्या आधुनिक चित्रकारांचं होतं, सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात. नागपूरकरांचा हळवा विषय. गायतोंडे १९२४ मध्ये इथे जन्मले, गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे आणि रझा १९३९ ते ४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. एवढं सांगून झालं की आमची छाती फुगते. त्या वर्षांत ते इथे काय काढत होते, कुठे मांडत होते, याचे कागद मात्र कोणी जपून ठेवलेले दिसत नाहीत. प्रदर्शन उतरलं की पत्रिका आणि यादी दोन्ही रद्दीत.

ते चित्र घेऊन एक निवृत्त गृहस्थ स्वतः आले होते, चादरीत गुंडाळून, रिक्षाने. शुक्रवारी तलावाचा काठ, पलीकडे कौलारू घरं, अलीकडे सोडलेली बैलगाडी. डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत सही, एस. एच. रझा, आणि खाली ४२. "शिकत असतानाचं आहे. त्यांच्या एका मास्तरांच्या घरून निघालं," काकांनी सांगितलं. त्यांना ते विकणाऱ्याने सांगितलं होतं.

गोष्ट पटण्यासारखी होती, हीच अडचण. रझांची पुढची, गाजलेली बिंदूचित्रं किंवा फ्रान्समधली निसर्गचित्रं खोटी करायची तर तो रंग, ती घडण साधायला हवी. विद्यार्थिदशेतल्या रझांना मात्र अजून स्वतःची शैलीच नव्हती. चांगला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, मारणारा कोणीही त्या काळातला रझा म्हणून खपू शकतो. अ‍ॅन मॅकलिन यांनी केलेल्या त्यांच्या कॅटलॉग रेझोनेचा, म्हणजे सगळ्या अस्सल कामांच्या तपशीलवार सूचीचा, पहिला खंडसुद्धा १९५८ पासून सुरू होतो. खोट्या मालाला जागा मिळते ती त्याच्या आधीच्या वर्षांत. २००९ मध्ये दिल्लीत आपल्याच जुन्या कामांच्या प्रदर्शनाला गेलेल्या रझांवर, भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीत, असं सांगायची वेळ आली होती. तेव्हा सांगायला ते स्वतः होते. २०१६ मध्ये ते गेले, मग तीही सोय राहिली नाही.

काकांच्या परवानगीने फ्रेम उघडली. कागदावर तपकिरी ठिपक्यांची जाळी पसरलेली. हे नागपूरचं खास दुखणं. बाहेर मे महिन्याची कोरडी आग आणि खोलीत कूलर. दिवसभर ओली हवा थेट भिंतीवर, रात्री कूलर बंद की कागद पुन्हा कडक. असे दहा-वीस उन्हाळे गेले की कागदावर बुरशी आणि डाग धरतातच. कूलरसमोर चित्र लावू नका, हे मी गावभर सांगत फिरते. कोणी ऐकत नाही.

भिंगाखाली सही पाहिली. कोऱ्या कागदावर रेघ स्वच्छ होती, ब्रशचं टोक कुठे टेकलं तेही दिसत होतं. पण एक अक्षर एका तपकिरी ठिपक्यावरून जात होतं आणि नेमकं तिथेच रंग फुटला होता, बारीक केसांसारखा चहूकडे ओढला गेला होता. कागदावर सरसाचं अस्तर असतं, त्यामुळे रंग फुटत नाही. डाग पडतो तिथे ते अस्तर खलास होतं. म्हणजे आधी डाग, मग सही. चित्र ४२ सालचं असेल तर सही त्यानंतर कितीतरी वर्षांनी केलेली.

मग खिडक्यांना काळं कापड लावलं, दिवे घालवले आणि युव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च पेटवला. कागद निळसर पांढरा लखलखला. शेजारी भिंतीवर चित्रं टांगणारा पोरगा उभा होता, त्याचा धुतलेला शर्टही अगदी त्याच रंगात चमकत होता. "हे त माह्या शर्टावानी चमकून राह्यलं ना बाप्पा!" तो म्हणाला. बरोबरच होतं. कपड्याच्या पावडरीत जी चमक असते, त्याच जातीची रसायनं कागदात घालायला सुरुवात झाली ती साधारण १९५० च्या सुमारास. रझा १९५० मध्येच फ्रान्सला गेले. ताडून पाहायला दुसऱ्या एका घरून आलेलं तीसच्या दशकातलं रेखाटन शेजारी ठेवलं; ते मेणासारखं पिवळट, मंद. ही चमक कधीकधी माउंटमधून, म्हणजे चित्र ज्यावर बसवतात त्या पुठ्ठ्यातून, किंवा गोंदातून कागदावर उतरते, म्हणून माउंट सोडवून मागची बाजू आणि एक फाटका कोपराही तपासला. फाटलेल्या कडेच्या आतले धागेसुद्धा चमकत होते.

शेवटी टॉर्च आडवा धरला. उजव्या कोपऱ्यात गवताच्या रंगाखाली कागद खरवडलेला होता, धागे उभे राहिलेले. मागून उजेड धरला तर तिथे कागद पातळ. आणि त्या पातळ जागेत पेन्सिलीच्या दाबाची खाच अजून शिल्लक होती, देवनागरीत. आडनावाचा शेवट तेवढा वाचता आला: "कर".

काकांना आत बोलावलं आणि सगळं दाखवलं, टॉर्च त्यांच्याच हातात देऊन. ते बराच वेळ त्या "कर"वर उजेड धरून उभे होते.

"म्हणजे डुप्लिकेट?"

"सही डुप्लिकेट आहे, काका. चित्र कोणीतरी मन लावून काढलंय. पाणी बघा, एका वॉशमध्ये उतरवलंय, उजेडासाठी कागद कोरा सोडलाय. हे शिकाऊ हाताचं काम नाही."

किती मोजले होते, हे मी विचारलं नाही. विम्याच्या फॉर्मवर त्यांनी रक्कम लिहिली होतीच, तिच्यावर आता ते नुसतं बोट फिरवत होते.

आयोजकांनी मधला मार्ग काढला: लेबलवर "रझा यांचं मानलं जाणारं" असं लिहू. मी नाही म्हटलं. काही पुरावा असताना खात्री कमी पडते, तेव्हा हे शब्द वापरतात; इथे पुरावा उलट होता. त्यावर तासभर घासाघीस झाली. चित्र काढूनच टाका, असंही एकाने सुचवलं. काकाच म्हणाले, "लावा. पण खरं लिहा." लेबल छापलं: चित्रकार अज्ञात, जलरंग, १९५० नंतर, सही मागाहून केलेली. उरलेल्या पत्रिकांवर आम्ही बसून पट्ट्या चिकटवल्या, रात्री अकरापर्यंत.

उद्घाटनाला ते लेबल वाचायला गर्दी झाली आणि शेजारच्या खऱ्या कामांकडे लोकांनी जेमतेम पाहिलं, याचा मला राग आला. नंतर फोन यायला लागले. आमच्याकडेही शिकत असतानाचा रझा आहे, त्याच माणसाकडून घेतलेला. फ्रेम न उघडता, फोटोवरून सांगता येईल का, असं बहुतेकांचं म्हणणं. नाही येत, असं सांगितलं. फ्रेमसकट घेऊन या, आणि विकणाऱ्याने काही लिहून दिलं असेल तर तो कागदही आणा.