व्हॅलेटात जहाज लागलं की बस नको, बोट घ्या

माल्टाच्या व्हॅलेटा बंदरात क्रूझच्या जहाजातून उतरलं की सहलीच्या बसवाले लगेच गाठतात. शहर पाहायचं असेल तर त्यांना सरळ नाही म्हणा. इथं पाहण्यासारखं बहुतेक सगळं पाण्याच्या आसपासच आहे. त्रास अंतराचा नाही, चढाचा आहे: धक्का खाली, शहर वर तटावर.

जहाज पोचायच्या दिवशी पहाटे लवकर उठा. ग्रँड हार्बर या मुख्य बंदरात शिरताना उजव्या हाताला सेंट एल्मो किल्ला आणि व्हॅलेटाचा तट, तर डावीकडे आधी रिकासोली आणि पुढं सेंट अँजेलो हे किल्ले दिसतात. जहाजावरच्या खोलीच्या बाल्कनीतून एकच बाजू दिसते, म्हणून वरचा उघडा डेक गाठावा.

धक्क्यावरच्या वखारींची रांग माल्टावर राज्य करणाऱ्या नाइटांचा प्रमुख, ग्रँड मास्टर पिंटो याच्या काळातली, १७५२ ची. दारांना रंग दिलेत: निळा मासळीचा, हिरवा भाजीपाल्याचा, पिवळा गव्हाचा, तांबडा वाइनचा. आता आत खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. इथं सकाळ घालवू नका, परतताना बसा.

बाहेर पडून पाणी उजव्या हाताला ठेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं की लास्कारिसचा खंदक येतो. एका बाजूला वरच्या बराक्का बागेत नेणारी लिफ्ट, दुसऱ्या बाजूला बंदराच्या पलीकडच्या काठाला जाणारी फेरी. जहाजातली सगळी गर्दी आधी लिफ्टकडं वळते. ५८ मीटर वर नेणारी ही लिफ्ट २०१२ साली सुरू झाली, पण एका जहाजातून दोन-तीन हजार माणसं उतरतात, त्यापुढं तिचं काय चालणार? म्हणून आधी फेरी. काही मिनिटांत तुम्ही पलीकडच्या कोस्पिकुआ गावाच्या काठाला लागता. लाकडी पारंपरिक होडीही मिळते, तिला तिथं ‘दाइसा’ म्हणतात. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या: माणशी की होडीचं, एकेरी की जाऊन-येऊन. ईशान्येचा ‘ग्रेगाल’ वारा सुटला तर लाटा थेट बंदराच्या तोंडातून आत येतात आणि फेरी बंद पडू शकते. त्या दिवशी पलीकडचा बेत सोडून द्या.

पलीकडं कोस्पिकुआशेजारचं बिर्गू गाव आधी करा. सेंट जॉनचे नाइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ, १५३० मध्ये माल्टात आले ते इथंच राहिले. १५६५ चा तुर्कांचा वेढा उठल्यावर, म्हणजे १५६६ मध्ये, त्यांनी समोर व्हॅलेटाचा पाया घातला. मागच्या गल्ल्या अरुंद आणि शांत आहेत, इथल्या सेंट अँजेलो किल्ल्यापेक्षा मला त्याच जास्त आवडतात. पायांत जोर उरला असेल तर शेजारच्या सेंग्लिया गावाच्या टोकाला जा. तिथल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर दगडात डोळा आणि कान कोरलेत, आणि सबंध बंदर तिथून एका नजरेत येतं.

साडेअकराच्या आत परत या आणि लिफ्टनं वर जा. बागेखालच्या बुरुजावर बाराच्या ठोक्याला तोफ उडते. कठडा पंधरा-वीस मिनिटं आधीच भरतो. पूर्वी याच तोफेवर बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावत. आजच्या प्रवाशाची फजितीही घड्याळापायीच होते. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, पण ग्रीसकडून आलेलं जहाज कधी स्वतःची वेळ एक तास पुढंच ठेवतं. उतरताना जहाजावरचं घड्याळ पाहून घ्या. परतायची शेवटची वेळ सहसा सुटायच्या निदान अर्धा तास आधीची असते.

वर शहरात सेंट जॉनचं को-कॅथेड्रल हे मोठं चर्च चुकवू नये. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोनं स्वतःची सही केलेलं एकमेव चित्र, १६०८ चं, तिथं आहे. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. खांदे झाकलेले हवेत, आणि टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत, कारण सगळी जमीन नाइटांच्या संगमरवरी थडग्यांची आहे.

भारतीय पासपोर्टवर उतरायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. मार्गात मधेच शेंगेनबाहेरचा देश असेल तर एकाहून जास्त प्रवेशांचा घ्या.

परतताना लिफ्टला रांग असेल तर व्हिक्टोरिया गेट या शहराच्या दरवाजातून चालत उतरा आणि खाली उजवीकडं वळा. चुनखडीच्या फरशा पायांनी गुळगुळीत झाल्यात, पाऊस पडला की घसरतात. रबरी तळव्यांचे बूट हवेत.