प्रिसिजन बास आणि कोकणातला पावसाळा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बास गिटारचा विषय निघाला की गाडी लगेच पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकाचा भाग) बदलण्यावर येते. माझं स्पष्ट मत आहे की फेंडरच्या प्रिसिजन बासच्या बाबतीत पिकअपचा नंबर शेवटी लागतो. आधी तारा, मग नेक, म्हणजे बोटं दाबतो तो लांब दांडा. आणि आपल्याकडची खारी, दमट हवा नेमकी या दोन गोष्टींवरच उठते.

आधी त्याचा मूळ स्वभाव. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला तेव्हा त्याला एकच सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप होता. आज आपल्या कानात जो प्रिसिजन आहे, तो १९५७ पासूनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपचा. एक तुकडा ई आणि ए या जाड तारांखाली, दुसरा डी आणि जी या बारीक तारांखाली. दोन्हींची वाइंडिंग उलट दिशेची आणि चुंबकांची टोकंही उलटी, त्यामुळे वायरिंगमधून येणारी घरघर एकमेकीला खोडून टाकते आणि तारेचा आवाज शाबूत राहतो. ई-एचा तुकडा नेककडे सरकलेला असतो, डी-जीचा ब्रिजकडे (बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाकडे). म्हणून जाड तारा गोल, भरीव बोलतात आणि बारीक तारा पातळ न पडता स्पष्ट उमटतात. ही रचना मला फार हुशारीची वाटते.

१९६० चा जॅझ बास वेगळा. दोन सिंगल कॉइल पिकअप, नटजवळ (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ) ३८ मिलिमीटरचा अरुंद नेक. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तर घरघर नाही, एक जरा खाली घेतला की सुरू. दोन्ही पूर्ण उघडे असताना आवाजाचा मधला पट्टा किंचित पोकळ होतो. एकट्याने वाजवताना ते छान वाटतं. मंडपात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड सुरू झाले की बास हरवतो. प्रिसिजनचा सगळा जीव त्या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून तो गर्दीतूनही ऐकू येतो.

प्रिसिजनला नॉब दोनच, व्हॉल्यूम आणि टोन. त्यांचे दोन्ही पॉट (फिरते रेझिस्टर) बहुधा २५० किलोओहमचे आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. टोन पूर्ण बंद केला तरी आवाज चिखल होत नाही, हे या सर्किटचं मोठेपण. व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की वरची धार जाते. ती केबलच्या कॅपॅसिटन्समुळे, म्हणून केबल सहा मीटरच्या आत ठेवा.

आता तारा. राउंडवाउंड, म्हणजे गोल वायर गुंडाळलेल्या तारेच्या खाचांत घाम आणि मीठ बसतं, आणि किनाऱ्यालगत तिची चमक लवकर मरते. फ्लॅटवाउंडला, म्हणजे चपटी वायर गुंडाळलेल्या तारेला, खाचाच नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड लावायचा, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज असायचा आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही. मोटाउनचा तो ठोसेदार, आखूड सूर यातूनच आला. आपल्या हवेत फ्लॅटवाउंड हीच शहाणी निवड आहे असं मी ठामपणे सांगेन. फक्त त्यांचा ताण सहसा जास्त असतो, तेव्हा तारा बदलल्यावर नेक पुन्हा मोजायचा.

स्पंज लावायचा तर १०-१२ मिलिमीटर जाडीची पट्टी ब्रिजला लागून तारांखाली सरकवा. तारेला नुसती टेकली पाहिजे, तार वर उचलली जाता कामा नये. कार्यक्रम संपला की काढून ठेवा. पावसाळ्यात ओला स्पंज रात्रभर तसाच राहिला तर सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू सगळ्यात आधी गंजतात.

नेकचं काम जरा सावकाश करायचं. ३४ इंच स्केलच्या (नट ते ब्रिज तारेची लांबी) चार तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या घरात जातो, आणि लाकूड दमटपणाने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. नेक नेमका कुठल्या बाजूला जाईल हे त्या त्या लाकडावर आहे, म्हणून अंदाजाने ट्रस रॉडची (नेकचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळीची) चावी फिरवू नका. बास सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. गॅरेजवाल्याकडे असतो तोच गेज चालतो. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने कसायचा, कमी असेल तर उलट; एका वेळी पाव फेरा, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी. जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये रॉड फिरवायचा नट बॉडीच्या बाजूला दडलेला असतो. तिथे तारा सैल करून नेकचे चार स्क्रू ढिले करावे लागतात. नट जड लागला तर जोर लावू नका, रॉड तुटला की नेक गेला.

मग अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तार २.४ आणि जी तार २ मिलिमीटर. त्याहून खाली नेली की बोटाचा जोर वाढताच फ्रेट खडखडतात. शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा, दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर नेककडे. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. पिकअप तारांच्या फार जवळ आणू नका. शेवटचा फ्रेट दाबून ई खाली साधारण तीन, जी खाली अडीच मिलिमीटर. याहून जवळ आला की चुंबक तारेला ओढतं आणि सूर हलतो.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतो. पिकअप बिघडला असं समजून लोक दुकानात नेतात. त्या जागी नेकचं स्वतःचं कंपन सुराच्या कंपनाशी जुळतं, साधारण १३० ते १४७ हर्ट्झ, आणि नेक तारेची ताकद पिऊन टाकतो. चांगल्यातल्या चांगल्या जुन्या बासलाही हे असतं. हेडस्टॉकला (नेकच्या शेंड्याला) छोटा क्लॅम्प लावून बघा, जागा सरकते. नाहीतर पाचव्या फ्रेटचा ‘सी’ हा सूर डी तारेच्या दहाव्या फ्रेटवर घ्या.

बास चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. जांभा पावसाळाभर ओल धरून असतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घाला. सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू मे महिन्यातच फिरवून त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. अडकलेच तर गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर थांबा, कारण अ‍ॅलन कीचं भोक एकदा गोल झालं की ड्रिलशिवाय इलाज नाही. मात्र ते तेल पॉटमध्ये जाऊ देऊ नका. खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. जॅक (केबल लावायचं सॉकेट) सैल झाला तर नुसता नट आवळू नका, आतला जॅक धरा. तो सोबत फिरला की वायर तुटते.

गणपतीत जनरेटरवर वाजवताना एक तपासणी कधीही टाळू नये. ब्रिजखालून जाणाऱ्या वायरमुळे तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं ठीक आहे. पण गायकाचा माइक वेगळ्या लाइनवर असेल आणि अर्थिंग चुकलं असेल, तर तार हातात धरून ओठ माइकला लागताच झटका बसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर मंडपवाल्याकडून अर्थिंग नीट करून घेईपर्यंत बास खांद्याला लावू नका. अ‍ॅम्पच्या प्लगची जाड पिन काढून घरघर घालवायचा उपाय कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. डीआय बॉक्सवरचं (बास मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं.