दुसऱ्या दिवशीची सकाळ

चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधली चकती मागे सरकून नसेच्या मुळावर दाबत होती, आणि तो दाब काढण्यासाठी माझी शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर नितंबापासून पावलापर्यंत चमकून जाणारी कळ खरोखरच नाहीशी झाली होती. मात्र काही महिन्यांनी मी पुन्हा धावू लागले, तेव्हा ती सौम्य पण चिवट रूपात परतली आणि तीन वर्षांनंतरही तिने माझी पाठ सोडलेली नाही.

नव्या एमआरआयमध्ये चकती जागेवर होती. शस्त्रक्रियेच्या ठिकाणी व्रणाच्या ऊती तेवढ्या दिसल्या. दीर्घकाळ दबलेली नस दाब निघाल्यावर लगेच पूर्ववत होत नाही. इजा झालेले तंतू पुन्हा वाढलेच, तर त्यांचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर जवळजवळ १ मीटर आहे, हा हिशेब मांडल्यावर माझी घाई किती निरर्थक होती ते मला उमगले.

माझी सर्वांत मोठी चूक मांडीच्या मागच्या बाजूला ताण देण्याची होती. तिथला आखडलेपणा स्नायूंचा आहे असे समजून मी रोज पाय सरळ ठेवून पुढे वाकत असे, आणि संध्याकाळपर्यंत पोटरी बधिर होत असे. आखडलेले स्नायू नव्हते, आधीच चिडलेली नस मी ओढत होते, हे फिजिओथेरपिस्टने दाखवून दिले. आता मी नस ताणत नाही. गुडघा आणि घोटा आलटून पालटून हलवत तिला हलकेच सरकू देते.

खेळाची सवय असलेल्या माणसाला कमी करणे फार जड जाते. चांगल्या दिवशी मी दुप्पट चालत असे आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढत असे, कारण ही नस श्रम चालू असताना गप्प राहून दुसऱ्या दिवशी तक्रार करते. म्हणून आज किती झेपले हे मी उद्या सकाळी ठरवते: दुखणे कमरेत किंवा नितंबात असेल तर तेवढेच अंतर कायम ठेवते, गुडघ्याखाली उतरले असेल तर कमी करते. धावणे सोडून मी पोहणे धरले. सलग अर्ध्या तासाहून अधिक बसत नाही, कारण चालण्यापेक्षा बसणेच मला अधिक बाधते.

एक गोष्ट मात्र सोसत बसू नये. जननेंद्रियांभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पाऊल अचानक उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी तातडीने रुग्णालय गाठावे.

गेल्या रविवारी मी ६ किलोमीटर चालले. सोमवारी सकाळी दुखणे नितंबापाशीच थांबले होते. या रविवारीही ६ किलोमीटरच चालणार आहे. सातवा अजून नाही.