आजीच्या चालीने पंढरपूर

आमची वारी सहा जणांची. आजी, आई, बाबा, दादा, मी आणि माझी जिवलग मैत्रीण. तिला पाहुणी म्हटलेलं आजीला खपत नाही. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. सुमारे 250 किलोमीटरची ही वाट आम्ही पालखीच्या रथामागच्या एका दिंडीतून चालतो. घरची माणसं इतके दिवस एकत्र ठेवायची तर दोन गोष्टी लागतात. जो सगळ्यात हळू, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. आणि कामं ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे वाटायची.

हळू चालणारी अर्थातच आजी. पण हळू म्हणजे कच्ची नव्हे. वैशाख लागला की ती रोज पहाटे चालायला लागते. सुरुवातीला दोन किलोमीटर, मग दर आठवड्याला एकेक वाढवत नऊपर्यंत. वारीला न्यायच्या चपला पहिल्या दिवसापासून पायात असतात. आदल्या आठवड्यात घेतलेली कोरी चप्पल पुण्यापर्यंतसुद्धा सुखाने पोचू देत नाही, कारण पट्टा अजून कडक असतो, पाय घामाने मऊ पडतो आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली जाते. आजी थकली की कधी 'मी थकले' म्हणत नाही. ती दादाकडे बघून म्हणते, "दमलास रे बाळा, टेक जरा." तो झाडाखाली मुकाट बसतो आणि ती त्याच्या शेजारी.

आजीच्या कनवटीला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. दिंडीचा नंबर, रथापुढे की रथामागे, त्या दिवशीच्या मुक्कामाचं गाव आणि दोघांचे फोन नंबर. मोबाईलवर भरवसा ठेवून भागत नाही. तळावर लाखो माणसं जमली की फोन लागत नाहीत. नुसता दिंडीचा नंबरही पुरत नाही, कारण रथापुढे 27 दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि दोन्हीकडे नंबर एकपासूनच सुरू होतात. रथामागचा बारा शोधणारा माणूस रथापुढच्या बारात जाऊन बसतो आणि घरचे भलतीकडे हुडकत राहतात. आमचं ठरलेलं आहे की चुकलेल्याने शोधत फिरायचं नाही. मुक्कामाला पोचायचं आणि आपल्या दिंडीच्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाशी बसून राहायचं.

बाबांचं खातं सामानाचं. त्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मोजणी त्यांच्याकडे. "सहा पिशव्या, एक वृंदावन, एक आजी," हे ते दिवसातून चारदा तरी म्हणतात, आणि आजी दर वेळी तितक्याच तत्परतेने "हजर" म्हणते. पहाटे पहिला कर्णा झाला की आवराआवर, दुसऱ्याला तयार होऊन रांगेत, तिसऱ्याला पालखी हलते. ट्रक त्याआधीच पुढे गेलेला असतो, म्हणून बाबा आम्हाला तीनला उठवतात. टँकरपाशी आंघोळीला आणि शौचालयाच्या रांगेला चारनंतर उभं राहावं लागलं तर पिशवी ट्रकला लागत नाही. मग ती दिवसभर खांद्यावर.

पिशवी म्हणजे धुतलेली खताची गोणी, आत कपड्यांचे तीन जोड, पांघरूण, ताट-वाटी-पेला. गोणी मजबूत असते, पण शिवणीतून पाणी घेते. ट्रकच्या तळाशी गेलेली गोणी लोणंदच्या पावसात भिजली की फलटणपर्यंत काही वाळत नाही, म्हणून कपडे आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिचं तोंड पिळून सुतळीने बांधायचं आणि मग गोणीत घालायचं. सगळ्या गोण्या एकसारख्या दिसतात. आमच्या गोण्यांच्या गळ्याला आईच्या जुन्या साडीची हिरवी काठपट्टी बांधलेली असते, ती अंधारातही बोटांना कळते. अंगावरच्या झोळीत फक्त पाणी, प्लॅस्टिकचा कागद, औषधं आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून करतात त्या समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच वाजत राहतात. हरवल्या-सापडल्याची माहितीही तिथेच सांगतात. ती ऐकायला बाबा जातातच, आपलं काही हरवलेलं नसलं तरी.

आईच्या डोक्यावर तुळस. तिच्याइतकं सरळ घरात कुणी चालत नाही आणि तुळशीखाली ती बोलतही नाही. तेवढ्यात दादा आपल्या मागण्या मंजूर करून घेतो. रोप आयत्या वेळी लावलेलं चालत नाही. दोन महिने आधी वृंदावनात मुळं धरलेली हवीत, नाहीतर धक्क्याने माती सुटते आणि रोप कलतं. माती अर्धी, शेणखत अर्धं, म्हणजे वजन कमी राहतं. पाणी रात्री मुक्कामाला घालायचं. सकाळी घातलं की ते वाटभर मानेवरून ओघळतं.

खरं कसब चुंबळीत, म्हणजे वृंदावनाखाली डोक्यावर ठेवायच्या कापडाच्या वेटोळ्यात आहे. जुनं सुती लुगडं लांबीच्या चौथ्या हिश्शाला फाडायचं, त्याचा पीळ घालायचा, चार बोटांभोवती अडीच-तीन वेढे द्यायचे आणि राहिलेलं टोक मधल्या भोकातून वर काढून वेढ्यांत खोचायचं. पीळ फार घट्ट झाला की तासाभरात टाळू ठणकते, सैल राहिला की भार एका बाजूला बसतो आणि मान आखडते. टेरिकॉटचं कापड तर घेऊच नये, केसांवरून सरकतं. आई चुंबळ बांधून आधी स्वतःच्या गुडघ्यावर दाबून बघते. ती दबून परत फुगली तरच डोक्यावर जाते. दर विसाव्याला तुळस बदलते आणि मैत्रिणीकडे जाते, ते मात्र आई मान वाकवून नीट बघून देते.

दादाकडे टाळ आणि पाणी. टाळाच्या दोरीने तिसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांना घट्टे पडतात. दोरीला सुती चिंधी गुंडाळली की त्रास निम्म्याने कमी होतो. पाण्याचं काम त्याला दिलंय, कारण त्याला तहानही सगळ्यांआधी लागते आणि भूकही. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरहून मोठा टप्पा बहुतेक एकादशीलाच येतो आणि त्यात दिवेघाट. उपासाला सकाळी पोटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर घाटात अंग जड होतं, तहान वाढते. त्यापेक्षा राजगिऱ्याचा लाडू, केळं, शेंगदाणे, थोडं-थोडं आणि दर तासाने. नुसतं पाणी ढोसल्यानेही भागत नाही. घामातून मीठ गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. आजी सैंधव घालायला लावते. मीठ अंदाजाने कधी टाकू नये, जास्त झालं तर उलट अपाय होतो. घाटात पावलं आखूड टाकायची, अभंगाच्या ठेक्यात, आणि मधे बसायचं नाही. बसलेला पाय लगेच आखडतो.

आता माझी मैत्रीण. तिच्या वाट्याला सगळ्यांचे पाय. ती सतत बोलते, आणि पायाला सुई लावताना तर जास्तच, त्यामुळे फोड फुटल्याचं समजेपर्यंत पट्टी बांधून झालेली असते. रोज निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन, मांड्यांनाही, कारण पावसात भिजलेलं कापड घासून मांड्याच आधी सोलतात. छोटा, न दुखणारा फोड ती फोडत नाही, मधे भोक पाडलेली पट्टी भोवती लावते. मोठा, ठसठसणारा असेल तर साबणाने हात आणि पाय धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने अगदी कडेला टोचते, पाणी दाबून काढते. वरची कातडी सोलायची नाही, तीच खरी पट्टी. मग मलम आणि कापूस. भोवती लाली पसरली किंवा पू दिसला तर ती बोलायची थांबते आणि सरळ वैद्यकीय पथकाच्या तंबूत नेते. आजी तिला "माझी धाकटी" म्हणते. आईने वाढलेल्या पिठल्यातला पहिला डावही तिलाच जातो आणि दादा दर वर्षी ते मोजून दाखवतो.

जेजुरीत भंडारा उधळतात. अंगावरचे पांढरे कपडे साबणात बुडवू नयेत, हळद साबणाने लाल होते. आधी साध्या पाण्यात खळबळून उन्हात टाकले की रंग उडत जातो.

वाटेत चांदोबाचा लिंब या ठिकाणी उभं रिंगण. दुतर्फा वारकरी, मधल्या वाटेवरून अश्व धावतात. स्वाराचा एक, माउलींचा रिकामा एक. आजीला बघायचं असतंच, आणि धोका अश्व येताना नसतो, गेल्यावर असतो. टापांखालची माती कपाळाला लावायला दोन्ही बाजूंची गर्दी एकदम मधे झेपावते. आम्ही आजीला दुसऱ्या रांगेत ठेवतो, दादा पुढे, बाबा मागे. मैत्रीण खाली वाकून चिमूटभर माती आणते आणि आजीच्या कपाळी लावते. "तुझ्या लाव आधी," आजी म्हणते.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग आजीला झेपत नाही. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला डोकं टेकणं आणि कळसाचं दर्शन, एवढ्याने तिची वारी पोचते. परतीच्या एस्टीत तुळस खिडकीपाशी ठेवायची नाही, वाऱ्याने एका दिवसात पानं गळतात. वृंदावनाला ओलं फडकं गुंडाळून आई ते मांडीवर घेते. गाडी सुटायच्या आधी बाबा उभे राहून मोजतात, आणि मागच्या सीटवरून आजी म्हणते, "हजर."